आधी शाळेचे अर्थिंग तपासा

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब धूळ खात पडले आहेत आणि शिक्षकांनाच ते वापरायचे नाहीत, अशी तक्रार दर वर्षी शाळा सुरू झाल्या की ऐकू येते. साहित्य पडून आहे हे खरे. पण त्याचे कारण शिक्षकांच्या मनात शोधण्याआधी शाळेच्या स्विचबोर्डात, बॅटरीत आणि कपाटात शोधायला हवे. किनारपट्टीच्या तालुक्यांत तर नक्कीच.

माणूस नवे तंत्र स्वीकारतो की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते: ते आपल्या कामाचे आहे असे वाटणे आणि ते वापरायला सोपे आहे असे वाटणे. माहिती तंत्रज्ञानाचे अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी ही मांडणी १९८९ साली केली. आपल्या प्रशिक्षणांत पहिल्या गोष्टीवर दिवसभर बोलणे होते आणि दुसरी वाऱ्यावर सोडलेली असते.

राजापूर, देवगडकडच्या कितीतरी शाळा सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, आहेत. शिमगा झाला की सड्यावरचा जांभा पार कोरडा पडतो आणि त्यात पुरलेले अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी) नावापुरते उरते. मग संगणकाच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आतल्या पॉवर सप्लायमध्ये एक फिल्टर असतो. अर्थिंग नसेल तर त्याच्यामुळे पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हाताला कळतो. ज्या बाईंना हा अनुभव एकदा आला, त्या पुन्हा त्या यंत्राजवळ जात नाहीत आणि मुलांनाही जाऊ देत नाहीत. त्यांचे काहीच चुकत नाही. तपासणी अहवालात मात्र याचीच नोंद ‘तंत्रज्ञान वापराबाबत अनास्था’ अशी होते, आणि हे अन्यायाचे आहे.

तीन-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने याचा अंदाज घेता येतो. तीन पिनच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसतील. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा जाऊ नये. हे मोजमाप जाणत्या माणसानेच करावे. आकडे जुळले तरी निर्धास्त राहू नये, कारण मल्टिमीटर कमकुवत अर्थिंगलाही पास करतो. वायरमनकडून अर्थ टेस्टरने अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि तो ५ ओहमच्या आत आला तर चांगले समजावे. अर्थिंगसाठी नवा खड्डा घ्यायचा असेल तर शाळेच्या पाठीमागे कातळ फोडत बसू नये. पोषण आहारानंतर मुले जिथे हात-ताटे धुतात, तिथल्या सांडपाण्याच्या कडेला घ्यावा. तिथे ओल टिकते. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतावे. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि पुढे परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून काढायची आणि डिशची वायरसुद्धा.

दुसरे दुखणे बॅटरीचे. मेच्या सुटीला मेन स्विच पाडून शाळेला कुलूप लागते. इन्व्हर्टरला जोडलेली बॅटरी पाच-सहा आठवडे हळूहळू उतरत राहते, प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि जूनमध्ये ती चार्जच घेत नाही. सुटीआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचे आणि मधे एकदा कोणीतरी येऊन दिवसभर चार्ज करायची, एवढे केले तर ती वाचते. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघावी. टाकायचे ते डिस्टिल्ड वॉटरच, कारण विहिरीच्या पाण्यातल्या लोहाने आणि क्षारांनी प्लेटा लवकर मरतात.

बॅटरीचा हिशेबही शाळेत कोणी सांगत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टरमध्ये थोडे वाया जाते, म्हणजे हाताशी सातशेच्या आसपास उरतात. प्रोजेक्टर ३०० वॅट खातो आणि ७५ वॅटचे चार पंखे आणखी ३००. तासाभरात सगळे बंद. तीच बॅटरी ८० वॅटचा ४३ इंची एलईडी टीव्ही शाळा सुटेपर्यंत चालवते. शिवाय प्रोजेक्टरला अंधार लागतो. आपल्या कौलारू वर्गांत काचेच्या कौलांतून उजेड थेट भिंतीवर पडतो, आणि खिडक्या लावून घेतल्या तर ऑक्टोबरच्या उकाड्यात मुले घामाघूम होतात. वीस-पंचवीस पटाच्या वर्गाला टीव्हीच बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दमट हवेवरचा उपाय घरगुतीच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. आत ओल कोंडते, प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते आणि एचडीएमआयच्या पिना हिरव्या पडतात. कपाटात पाव किलो निळे सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवावे आणि ते गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करून घ्यावे. याहून सोपे म्हणजे आठवड्यातून दोनदा यंत्र अर्धा तास चालू ठेवणे. स्वतःच्याच उष्णतेने ते कोरडे होते.

रेंजचे रडगाणे थांबवता येते. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे व्हिडिओ रेंज असेल तिथे आधी उतरवून घ्यावेत. पेनड्राइव्हवर न्यायचे व्हिडिओ एमपी४ असावेत आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. अनेक टीव्ही दुसरे फॉरमॅट वाचतच नाहीत. शिक्षक वर्गासमोर उभे आणि पडद्यावर ‘फाइल सपोर्ट करत नाही’, हा प्रसंग दोनदा आला की तिसऱ्यांदा टीव्ही लावण्याचा उत्साह राहत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला मोबाइल हे शिकवण्याचे साधन वाटावे तरी कसे? त्याच मोबाइलवर हजेरी, पोषण आहाराची रोजची माहिती, आधार जुळवणी आणि ‘आजच भरा’ म्हणून आलेली लिंक असते. तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरणे, हे समीकरण त्यांच्या डोक्यात आपणच पक्के केले आहे.

आता मुलांविषयी. मुलांना तंत्रज्ञान आवडते, हे अर्धेच खरे आहे. ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. मोबाइल म्हणजे करमणूक, ही सवय घेऊनच मूल वर्गात येते. टीव्ही लागला की वर्ग चिडीचूप होतो आणि ती शांतता आपण शिकणे समजतो. दोन-तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवून ‘पुढे काय होईल ते वहीत लिहा’ म्हटले की कोण शिकत होते आणि कोण नुसते बघत होते, ते लगेच कळते. माउसवर बहुधा मुलगेच ताबा मिळवतात, मुली मागे राहतात. म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावावी.

यंत्र मुलांच्या हातात दिले की वृत्ती कशी बदलते, ते सातवीच्या भूगोलातल्या भरती-ओहोटीच्या पाठात पाहावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोळीवाड्यातला ठोकताळा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुलांनी अमावास्या ते पौर्णिमा पंधरा दिवस रोज छापील भरतीच्या तक्त्यातली वेळ मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये भरायची. शेजारच्या रकान्यात तिथी गुणिले ०.७५ आणि तिसऱ्या रकान्यात दोन्हींतला फरक. वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकताना आलेखात दिसते. पण ठोकताळा तंतोतंत जुळत नाही, आणि किनाऱ्यावरचे ठिकाण बदलले की फरकही बदलतो. तो का बदलतो, हे विचारायला मुले घरी आजोबांकडे जातात, जेटीवर जातात. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती) हे शब्द त्यांना पाठ करावे लागत नाहीत. या पाठाला इंटरनेट लागत नाही, एक मोबाइल पुरतो.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत भाषणांतला अर्धा तास काढून तिथल्याच शाळेच्या टीव्हीवर प्रत्येक शिक्षकाकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात: वायर जोडून इनपुट बदलणे, पेनड्राइव्हवरचा पाठ लावणे आणि आवाज येत नसेल तर कारण शोधणे. शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याने हात धरून दाखवलेले लक्षात राहते.

शेवटी मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांना विनंती. गावच्या शाळेला तुम्ही मनापासून देता, पण गणपतीत टॅब वाटण्याआधी शाळेतले कपाट उघडून बघा. जुना टीव्ही फक्त बॅटरीअभावी बंद असेल तर नवी बॅटरी साधारण पंधरा हजारांत येते आणि नीट सांभाळली तर चार-पाच वर्षे चालते. म्हणजे महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास. छोट्या पटाच्या शाळेला अनुदानही पटाप्रमाणे थोडेच मिळते, आणि त्यातूनच विजेचे बिल भरायचे असते. देणगीतली दहा टक्के रक्कम देखभालीसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात वेगळी ठेवा, आणि सुटीत मधे एकदा बॅटरी चार्ज करायला येणारा वाडीतला एक माणूस आत्ताच ठरवून जा.

– एक तंत्रस्नेही शिक्षक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी