काकांच्या रिपोर्टबद्दल

इंदूर

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

काकांच्या जठराच्या कर्करोगाचे पाठवलेले कागद पाहिले. सीईए (रक्तात मोजतात तो कर्करोगाचा मार्कर) ८.४ वरून २.१ वर आला म्हणून तू सुटकेचा श्वास सोडलास, ते साहजिक आहे. पण पुढचं ठरवणारा कागद तो नव्हे. ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा, रिपोर्ट पुन्हा काढ.

त्यात ‘पीटी३ एन१’ असं आहे. गाठ जठराच्या भिंतीतला स्नायूंचा थर ओलांडून गेली, पण सर्वांत बाहेरचं आवरण तिने फोडलेलं नाही. फोडलं असतं तर टी४ए लिहिलं असतं. एन१ म्हणजे एक किंवा दोन लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) रोग. काकांचे २२ नोड तपासले, २ मध्ये सापडला. मला सगळ्यात बरा वाटला तो हा २२ चा आकडा. निदान १६ तरी तपासावेत असा दंडक आहे. आठ-दहाच पाहून ‘दोनच आहेत’ म्हटलं, तर उरलेल्यांत काय होतं कोण सांगणार? रोग उगाच कमी स्टेजचा दिसतो. कापलेल्या कडाही रोगापासून मोकळ्या आहेत. दूर कुठे पसरलेला नसेल तर ही स्टेज २बी, आणि तिथे केमो टाळायची नसते. सहसा कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन ही औषधं, तीन आठवड्यांचं एक असे ८ सायकल. जखम भरली, खाणं थोडं सुधारलं की सुरू करतात; ‘अशक्तपणा जाऊ दे’ म्हणत दोन महिन्यांपलीकडे ढकलू नका.

आता मार्कर. जठराच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सीईए वाढलेलाच नसतो, म्हणून नॉर्मल आला तरी रोग नाही असं होत नाही. काकांचा आधी वाढलेला होता, एवढ्यापुरता तो पुढे कामाचा. एकेका आकड्यापेक्षा चढण पाहायची: ३, ५, ९ असा सलग चढला तर सीटी स्कॅन करायचा, एकदाच ५.६ आला तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. लॅब दर वेळी तीच ठेव. मशीन बदललं की आकडाही बदलतो. काकांची विडी सुटली का? तिनेही सीईए थोडा वर राहतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर आधी दोन-तीन दिवस बंद, काही मशीनवर त्या गोंधळ घालतात.

सीए १९-९ या दुसऱ्या मार्करचा १२ मात्र फार मनावर घेऊ नकोस. काही माणसांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही, आणि उलट पित्तनळी तुंबून कावीळ झाली की कर्करोगाशिवायही ते शेकड्यांत जातं.

रक्तापेक्षा मोलाची माहिती गाठीच्या तुकड्यात आहे. एमएमआरची तपासणी, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं (एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६), झाली का विचार. एखादं नसेल तर ऑपरेशननंतरचं भवितव्य बहुधा बरं असतं आणि केमोचा फायदा कितपत, यावर ऑन्कॉलॉजिस्टशी वेगळं बोलावं लागतं. केमो सुरू होण्याआधीच ते कळलेलं बरं. हर२ (काही गाठींच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) आज औषध बदलणार नाही, पण रोग कधी परतलाच तर पहिल्यांदा तेच विचारतील. २+ आलं तर ते ना होकार ना नकार, फिश (त्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) करावं लागतं. यासाठी पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, लागतात. लॅबकडून ते घेऊन घरी थंड, कोरड्या जागी ठेव, तीव्र उन्हात नको. आपल्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं. जठराचा मोठा भाग गेलाय, म्हणून बी१२ आणि लोहही वर्षातून एकदा पाहून घ्या. आणि काकांना सांग, सराफ्यातली जिलबी एका बैठकीत नको. उरलेल्या पोटातून साखर झपकन आतड्यात उतरते, मग घाम, धडधड आणि चक्कर. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, पाणी जेवणाबरोबर नाही.

एमएमआरचा कागद मिळाला की लगेच पाठव.

तुझा,
शिरीष