पायवाटेवरचा साकव मोडला, माझ्या लेकीचा पाय मोडला : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या गावालगतच्या अभयारण्यात पायवाटेवरच्या साकवाची फळी तुटली आणि माझी लेक नाल्यात पडली. नाला कोरडा, तळाला नुसते दगड. घोट्याचं हाड मोडलं. ती तिथं गाइड आहे. शहरातून आलेल्या कुटुंबाला आधी पलीकडे लावून ती मागून येत होती.

ही वाट सुरू झाली तेव्हा साहेबांनी फीत कापली. लोखंडी पूल होईल, पिण्याचं पाणी येईल, गाइड पोरापोरींना वायरलेस आणि विमा मिळेल, असं माइकवरून सांगितलं. टाकी तेवढी बसली, तीही कोरडी. मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, साग पार उघडा पडतो, सावली शोधून सापडत नाही. शहरातली माणसं एकेक बाटली घेऊन येतात आणि आमच्या पोरी आपलं पाणी त्यांना पाजतात.

मोबाइलला रेंज नव्हती. एक पोरगा गावापर्यंत पळत गेला, बाज आणली, तिच्यावर घालून लेकीला गेटपर्यंत आणलं. तिथून 108 ची गाडी. ग्रामीण रुग्णालयात रविवारी एक्स-रे काढणारा माणूस नाही, म्हणून जिल्ह्याला. सगळ्या वाटेत ती एकच विचारत होती, "बाबा, ग्राउंडपर्यंत बरा होईल ना?" ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी. त्यासाठी ती रोज पहाटे 800 मीटर पळायची. डॉक्टरांनी प्लेट बसवली आणि यंदा पळायचं नाही म्हणून सांगितलं. तिचं हे वर्ष कोण भरून देणार? ऑपरेशनसाठी घरात ठेवलेला कापूस हमीभावाच्या खाली विकला, तो फरक कोण देणार?

राज्यातलं निम्म्याहून जास्त जंगल विदर्भात आहे. सहापैकी पाच व्याघ्र प्रकल्प आमचे : मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा. वाघानं गुरं न्यायची, रानडुकरांनी पीक न्यायचं, तरी जंगल आम्हीच राखायचं. विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या 1953 च्या नागपूर करारात आमच्यावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचं लिहून दिलं होतं. 1984 मध्ये सरकारच्याच दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागं राहिला ते, मोजूनही दिला. दर हिवाळ्यात अधिवेशन नागपुरात भरतं, तुम्ही सगळे येता, आणि इथला एक साकव होत नाही!

पावसाळ्याआधी पूल बांधा. टाकीत पाणी आणा. गाइडांची नावं रजिस्टरवर घ्या, विमा काढा, माझ्या लेकीच्या उपचाराचा खर्च द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर गाव गेटवर बसेल. ग्रामसभेचा ठराव झालेला आहे.

आपला,
एका गाइड मुलीचा बाप