साखरेसाठी काढलेल्या रक्तातच हिपॅटायटिस सीचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एका इस्पितळात माझ्या भावोजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य रोगाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यामुळे झाले एवढेच, की त्या दिवसाच्या यादीत त्यांचा नंबर शेवटी गेला. डोळ्याचे काम उत्तम झाले, पण तो अहवाल फाइलमध्येच राहिला आणि पुढे कोणाला दाखवा, हे कोणी सांगितले नाही. काही महिन्यांनी भाची जुने कागद चाळत होती, तेव्हा तो तिच्या नजरेस पडला. शस्त्रक्रियेआधीची ही चाचणी मुख्यतः डॉक्टर-परिचारिकांच्या सुरक्षिततेसाठी होते, हे मान्य. पण ज्याचे रक्त, त्यालाच त्याचा उपयोग होऊ नये?

आमच्या गोव्यात यकृत बिघडले म्हटले, की लोक आधी फेणीकडे बोट दाखवतात, आणि ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही तो निर्धास्त राहतो. हा विषाणू मात्र रक्तातून पसरतो. त्याची ओळखच 1989 साली पटली, म्हणजे त्यापूर्वी बाळंतपणात किंवा अपघातात चढवलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी होणे शक्यच नव्हते. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने काचेच्या सिरिंज आणि पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया पाहिल्या आहेत; कित्येक बायकांच्या हातावर जत्रेतले गोंदण आहे. संसर्ग वर्षानुवर्षे काही त्रास न देता राहतो, आणि दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांपैकी 15 ते 30 टक्के जणांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा धोका असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या रोगावर लस नाही, पण औषध आहे. पूर्वीच्या इंटरफेरॉनच्या त्रासदायक इंजेक्शनांऐवजी आता बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात, 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत. असे असताना माणूस यकृत बिघडून पोटात पाणी भरल्यावरच बांबोळीचे मोठे सरकारी इस्पितळ गाठतो, याची खंत वाटते.

मधुमेह-रक्तदाबासाठी ज्येष्ठांच्या म्हापसा, मडगाव, फोंडा येथील इस्पितळांत खेपा चालूच असतात आणि रक्तही काढले जाते. त्याच वेळी, त्यांना विचारून, आयुष्यात एकदा ही चाचणी करावी. पहिली चाचणी केवळ अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने दाखवते. रोग आपोआप गेलेल्यांतही ती पॉझिटिव्ह येते, म्हणून विषाणू रक्तात अजून आहे का, हे दाखवणारी खात्रीची आरएनए चाचणी त्याच खेपेस घेतलेल्या रक्तावर व्हावी. सत्तरीतल्या सासूबाईंना सत्तरीहून (वयाने नव्हे, तालुक्याने) पुन्हा बसने बोलावले, तर त्या येणार नाहीत. शिवाय हृदयासाठी अमायोडेरोन घेणाऱ्यांना हिपॅटायटिस सीवरील काही गोळ्या घातक ठरू शकतात, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

भावोजींच्या रक्तात विषाणू होता. त्यांचा दहावा आठवडा चालू आहे. आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की साठीपुढील प्रत्येकाच्या केसपेपरवर या चाचणीचा रकाना असावा, आणि ती पॉझिटिव्ह असल्यास पुढच्या तपासणीची चिठ्ठी हाती दिल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, डिचोली