विकतची भाकरी

अ‍ॅबरिस्टविथ, वेल्स
डिसेंबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर आपलं बोलणं ठरलेलं. जेवलीस का, थंडी आहे का, स्वेटर घातलास का, बरं ठेवतो. त्यात ऑक्टोबरअखेरीला इथली घड्याळं तासभर मागं गेली आणि आपल्यात साडेपाच तासांचं अंतर पडलं. माझा शेवटचा तास पाचला सुटतो तेव्हा तुमच्याकडं साडेदहा वाजलेले असतात आणि बाबा खुर्चीतच दोनदा पेंगून झालेले असतात. म्हणून हातानं लिहायला बसले. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा, कारण आईला सध्या कागद धरता येत नाही, हे मला कळलंय.

हो, कळलंय. त्यावर येतेच.

आधी गावाबद्दल, बाबा विचारत होते म्हणून. आगगाडी इथं येऊन संपते. पुढं रूळच नाहीत, अगदी आपल्या कोल्हापूर स्टेशनासारखं. आपल्याकडं रूळ संपले की वैभववाडीची लाईन होणार, होणार म्हणत माणूस म्हातारा होतो. इथं रूळ संपले की दहा मिनिटं चालायचं आणि समोर समुद्र. 'अ‍ॅबर' म्हणजे नदीचं मुख. दोन नद्या इथल्या बंदरात येऊन मिळतात.

पाट्यांवर वेल्श वर आणि इंग्रजी खाली. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचा उच्चार 'अरव'. म्हणजे सावकाश. मला पहिल्या दिवशी वाटलं, इथं 'रव' करू नका म्हणतायत! व्याकरण तर तुमच्या आवडीचं आहे, बाबा. आपण 'कोल्हापूर'चं 'कोल्हापुरात' करतो, म्हणजे शब्दाचं शेपूट वळवतो. हे लोक डोकंच बदलतात. बँगोर नावाचं गाव आहे. तिथं जायचं असेल तर ते 'वँगोर' होतं आणि तिथं राहायचं असेल तर 'मँगोर'. चाळीस वर्षं पोरांना सामान्यरूप शिकवून दमलात ना, इथं असता तर काय केलं असतं?

2021च्या जनगणनेत वेल्समधल्या 17.8 टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं सांगितलं. त्यांची भाषेची पहिली मोठी चळवळ याच गावात रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी 1963मध्ये पोरंपोरी इथल्या त्रेवेखन पुलावर जाऊन बसली आणि वाहतूक अडवली. मागणी एवढीच, की कोर्टाचं समन्स आमच्या भाषेत द्या. तुम्ही तेव्हा चौथीत असाल. मी त्या पुलावरून रोज जाते. माझी पुण्याची रूममेट मी 'येतो गं' म्हटलं की अजून हसते. तिला त्या पुलावर उभं करून सांगितलं, आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, हसायचं तर पूल ओलांडून हस.

कॉलेजची गोष्टही तुम्हाला आवडेल. समुद्राकाठी एकजण मोठं हॉटेल बांधत होता, त्याचं दिवाळं वाजलं. ती अर्धवट इमारत स्वस्तात घेतली आणि 1872मध्ये 26 विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू केलं. पुढं चालवायला पैसे नव्हते, तर चॅपेलांमधून साध्या लोकांनी पेनी-पेनी गोळा केली. मला शाहू महाराजांची बोर्डिंगं आठवली, आणि पत्र्याची ट्रंक घेऊन खेड्यातून बोर्डिंगात आलेले तुम्ही. चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात बसले, याचं गल्लीत काय काय झालं असेल ते असो. तुम्ही "जा" म्हणालात, तेवढं पुरे.

आई, तुला एक सांगते, रागावू नकोस. इथल्या किनाऱ्यावरच्या रस्त्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी एक लोखंडी कठडा आहे. फिरायला येणारा प्रत्येकजण त्याला हळूच लाथ मारतो आणि मगच मागं वळतो. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. मला पहिले आठ दिवस पाय उचलवेना. अंबाबाईच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायची सवय, आणि इथं लाथ! आता मारते. मारून झाली की पटकन हात लावून घेते.

दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो. त्याच वेळी धक्क्यावर हजारो पक्षी येतात, स्टार्लिंग म्हणतात त्यांना, आपल्या भोरड्यांची भावकी. सगळा थवा एकदम वळतो, पसरतो, आवळतो आणि मग धक्क्याखालच्या खांबांत रात्रीपुरता शिरतो. बाबा, तुम्ही लहानपणी शाळूच्या रानात माळ्यावर बसून गोफणीनं भोरड्या हाकायचात ना? इथं लोक कॉफी घेऊन त्यांना बघायला उभे असतात.

आता मुद्द्याचं.

इथल्या दुकानात भरती-ओहोटीच्या वेळांची छोटी पुस्तिका मिळते. दिवसाला दोन भरत्या, आणि प्रत्येक दिवशी वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. लोक ती खिशात ठेवतात. मला लगेच बाबा आठवले. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा पेपरात वाचून कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिणारे. 39 फूट इशारा, 43 धोका, आमच्या घरात हे पाढ्यांसारखं पाठ. 2019ला तो आकडा 55च्या वर गेला. मी तेव्हा पुण्यात होते आणि रोज फोन करत होते. तुम्ही म्हणत होता, "पाणी लांब आहे गं, नाल्याच्या पलीकडं." नदी सरळ येत नाही, जयंती नाला मागं फुगतो आणि शाहूपुरीत मोरीतून पाणी वर येतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तरी मी विश्वास ठेवला. तुम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर तीन दिवस बिस्किटांवर काढलेत, हे मला गणपतीत कळलं, तेही काकूंकडून.

मीही काही कमी नाही. नोव्हेंबरात एका रात्री इथं मोठं वादळ झालं. माझी खोली समुद्रासमोर आहे. भरतीच्या वेळी लाटा रस्ता ओलांडून आल्या, गोटे खिडक्यांपर्यंत उडत होते. आम्हा सगळ्यांना अंथरूण-पांघरूण घेऊन टेकडीवरच्या कॅम्पसमध्ये नेलं. सकाळी यंत्र लावून रस्त्यावरचे गोटे काढत होते. त्या रात्री मी तुम्हाला काय सांगितलं? "जेवले, आता झोपते." घाबरले होते, आई. फार घाबरले होते. पाण्याचा तो आवाज मला आधी कधी ऐकलाय तेच कळेना. मग लक्षात आलं, ऐकलेलाच नाही. तुम्ही ऐकलाय.

आणि गेले तीन आठवडे फोनवर आईचा फक्त चेहरा. मोबाइल बाबांच्या हातात, आई जरा लांब, पदर खांद्यावरून पुढं ओढून. विचारलं तर "नेटवर्क नाही." परवा बाबांचा हात हलला आणि मागं टेबलावर भाकरीची पिशवी दिसली. विकतची. आई, तू तापात उठून भाकऱ्या थापल्यास. बारशाच्या जेवणातही बाहेरची भाकरी तुला चालली नाही. मी फोन ठेवला आणि दादाला विचारलं. मोरीत पाय घसरला, उजवं मनगट, प्लास्टर. "तिचं शिकणं बुडेल म्हणून सांगायचं नाही," असं ठरलं होतं म्हणे.

मला राग आला आणि मग हसू आलं, कारण ठरवायला तुम्हाला बसावंसुद्धा लागलं नसेल. घराण्याचीच रीत आहे.

बुडत नाही शिकणं. जानेवारीत परीक्षा आहे, ती देऊनच मी येते. हाताला प्लास्टर आहे एवढ्यासाठी विमान पकडणार नाही, हे मी आत्ताच लिहून देते. पण मला माहीत पाहिजे. तुम्ही लपवलंत तर मी रोज मागची भिंत बघत बसते, कोण कुठं बसलंय, ताटात काय आहे, आणि अभ्यास तिथं बुडतो.

मोरीत दोन रबरी पट्ट्या टाका. दादाला सांगितलंय, तरी बाबा, तुम्ही मागं लागा. आई, डाव्या हातानं भांडी घासू नकोस. प्लास्टर कधी काढणार, ती तारीख कळवा. काढल्यावर बोटं नीट हलतात का, तेही.

तुमची,
ताई

ता. क. कांदा-लसणाची चटणी दोन बोटं उरली आहे. वेल्श मैत्रिणीनं ती टोस्टला लावून खाल्ली आणि अर्धा तास पाणी पीत बसली. दुसऱ्या दिवशी परत मागायला आली.