टी-शर्टच्या डिझाईनबद्दल, प्रिंटला जायच्या आधी वाचा

मंडळी, गोवा ट्रिपच्या टी-शर्टसाठी आलेली डिझाईन्स भारी आहेत, पण काहींमध्ये गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं सरळ नेटवरून उचलून खाली आपलं नाव टाकलंय, ती चालणार नाहीत. मारिओ गेले २०११ ला आणि आपल्याकडे कॉपीराइट चित्रकार गेल्यावर पुढची ६० वर्षं राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती अशी वापरायचा विषयच नाही. स्टाईलवर मात्र कुणाचा हक्क नसतो, त्यामुळे गर्दीचा बाजार, बाल्कनीतून डोकावणारी माणसं, पायात घुटमळणारं कुत्रं असं सगळं स्वतःच्या हाताने काढा की, कोण अडवतंय! फक्त त्यांचीच पात्रं जशीच्या तशी नकोत आणि ट्रेस करून शर्टाचा रंग बदलला म्हणजे नवीन चित्र झालं असंही नाही. चित्रावर त्यांचं नावही टाकू नका.

वारलीवाल्यांनो, तुमचंही तेच. तारपा नाच स्वतः काढा, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशेंच्या चित्राचा फोटो क्रॉप करून पाठवू नका.

आणि हो, 'आपण कुठे विकतोय' हे उत्तर नको, जास्तीचे शर्ट आपण बाहेरच्यांना देतोच. नवीन फाईल रविवारपर्यंत टाका, सोबत कच्चं स्केचपण.