दात पांढरे करण्याआधी ते पिवळे का झाले, हे तपासा

संपादक महोदय,

लग्नसराई जवळ आली की ‘एका तासात दात शुभ्र’ अशी पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरोघरी पोहोचू लागतात. त्यातली बरीचशी दंतवैद्यांची नसून ब्युटी पार्लरची असतात. कराडमध्ये दंतवैद्यक व्यवसाय करताना त्या पत्रकांचे परिणाम मला दरवर्षी पाहावे लागतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दात पांढरे करून घेण्याच्या इच्छेला माझा मुळीच विरोध नाही. चारचौघांत तोंडावर हात धरून हसणारी मुले-मुली मी पाहिली आहेत आणि त्यांचा संकोच खरा असतो. प्रश्न एवढाच आहे की दाताचा रंग कशामुळे बदलला, हे न तपासता त्यावर रसायन लावले जाते.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, बरेचसे पारदर्शक असते आणि त्याच्या आतले डेंटिन मुळातच पिवळसर असते. वय वाढते तसे कवच झिजते, डेंटिन जाड होते आणि दात पिवळे दिसू लागतात. हा आजार नव्हे. चहा, कॉफी, पान, गुटखा आणि मिशरी यांचे डाग मात्र दाताच्या पृष्ठभागावर आणि किटणावर बसतात. ते काढायला ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने रंग फिका करणे, लागत नाही. दंतवैद्याकडे दात साफ करून पॉलिश करून घेतले की बहुतेक डाग जातात आणि त्यानंतर अनेकांना पुढच्या उपचाराची गरजच वाटत नाही. आमच्या भागात मिशरी लावणाऱ्या स्त्रिया अजूनही पुष्कळ आहेत. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि ती रोज जिथे बोटाने चोळली जाते त्या हिरडीवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला, तर तो कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो. तोंडात आरसा घालून असा चट्टा शोधणे हे दात पांढरे करण्याच्या कितीतरी आधीचे काम आहे, आणि ते पार्लरमध्ये होत नाही.

डाग वरवरचा नसून आतला असेल, तर ब्लीचिंगचा विचार करावा. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्यात रूपांतर होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. हे द्रव्य कवचातून झिरपत डेंटिनपर्यंत जाते आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे लहान, फिके रेणू करते. दात खरवडला जात नाही, त्याचा रंग आतून उजळतो. दवाखान्यात करायच्या प्रकारात साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. इतके तीव्र द्रव्य लावण्यापूर्वी हिरड्यांवर राळेसारखा थर देऊन तो प्रकाशाने कडक करावा लागतो आणि ओठ व गाल दूर धरावे लागतात. जाहिरातींत झळकणाऱ्या निळ्या दिव्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही. शिवाय उपचारानंतर लगेच दिसणाऱ्या शुभ्रतेत दात कोरडा पडल्याचा वाटा मोठा असतो. काही दिवसांत रंग थोडा मागे येतो, आणि रुग्णाला हे आधी सांगितले नसेल तर त्याला फसवल्यासारखे वाटते.

मला स्वतःला घरी करण्याचा प्रकार अधिक पसंत आहे. आधी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि लिपस्टिक पुसून रंगपट्टीशी दात जुळवून पाहायचे आणि तो रंग नोंदवायचा. मग दातांचे माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर पातळ पारदर्शक ट्रे बसवायचा आणि त्याची कड हिरडीच्या रेषेवर नेमकी कापायची, कारण कड पुढे आली तर जेल हिरडीवर उतरते. रुग्णाने रात्री ट्रेमध्ये प्रत्येक दातासाठी तांदळाच्या दाण्याएवढे जेल घालून तो लावायचा आणि बाहेर आलेले जेल पुसायचे. हे जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे असते. दोन ते चार आठवडे लागतात, पण रंग हळूहळू बदलतो आणि त्रास झाला तर एखादी रात्र सोडता येते. थंड पाण्याने दातांत सणक जाणे हा दोन्ही प्रकारांतला नेहमीचा त्रास आहे. तो बहुधा तात्पुरता असतो आणि पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने कमी होतो.

गेल्या लग्नसराईत एक मुलगी हळद तोंडावर आली असताना माझ्याकडे आली. पार्लरमध्ये लावलेल्या जेलने तिची हिरडी भाजल्यासारखी पांढरी पडली होती. ती हिरडी काही दिवसांत बरी झाली. तिच्या पुढच्या दातातले जुने सिमेंट मात्र होते त्याच रंगाचे राहिले होते आणि भोवतीचा दात उजळल्याने ते आता पिवळ्या ठिपक्यासारखे उठून दिसत होते. सिमेंट, कॅप आणि व्हेनियर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेली पातळ पापडी) यांच्यावर ब्लीचिंगचा असर होत नाही. नवे सिमेंटही लगेच भरता येत नाही, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही. सुमारे दोन आठवडे थांबावे लागते. लग्नापर्यंत तेवढे दिवस तिच्या हाती नव्हते. उपचारापूर्वी कोणी तोंडात नीट पाहिले असते तर हे टळले असते.

काही दातांचा रंग तर याहून वेगळ्या कारणाने बदलतो. मार लागून मेलेला दात काळसर होतो. त्याला आधी रूट कॅनल आणि मग आतून ब्लीचिंग लागते, बाहेरून जेल लावून फारसा उपयोग होत नाही. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घेतलेल्यांच्या करड्या पट्ट्यांना काही महिने लागू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे दातांवर जे पांढरे-तपकिरी ठिपके येतात, ते ब्लीचिंगने सुरुवातीला उलट अधिक उठून दिसू शकतात. तिथे कवचाचा अगदी पातळ थर घासणे किंवा ठिपक्यात राळ मुरवणे असे पर्याय असतात. व्हेनियरसाठी बहुधा कवच थोडे कापावे लागते आणि कापलेले कवच पुन्हा येत नाही. विशीतल्या रुग्णाला हा पहिला पर्याय म्हणून सुचवणे मला पटत नाही, मग सुचवणारा माझा व्यवसायबंधू का असेना.

घरगुती उपायांपैकी लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचा उल्लेख करावाच लागेल. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), साडेपाचच्या आसपास उतरला की कवच विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या जवळ असतो. कोळशाच्या पावडरीने वरचा डाग घासला जातो, पण कवचही घासले जाते. गरोदर स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी ब्लीचिंग टाळावे.

युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची उत्पादने दंतवैद्यांनाच विकता येतात आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींवर ती वापरता येत नाहीत. दात पांढरे करणे हे दंतवैद्यकाचेच काम आहे, असा निर्णय ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. दंतवैद्यकीय उपचार नोंदणीकृत व्यक्तीनेच करावेत, हे तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून मान्य आहे. ब्लीचिंग त्यात येते, हे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने जाहीरपणे स्पष्ट करावे आणि तीव्र पेरॉक्साइडची जेल पार्लरपर्यंत कशी पोहोचतात याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाने करावी. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे: दात पांढरे करून देण्याची जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराकडे दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा.

आपला विश्वासू,
एक दंतवैद्य, कराड