मंत्रीसाहेब, झाड लावलं की पॉइंट मिळतात, मग कुलपाच्या कोडला का नाही?

मा. आयटी-बीटी मंत्री, कर्नाटक सरकार, यांस सप्रेम नमस्कार.

मी बेळगावचा, व्हीटीयूचा (इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) इंजिनिअर, दिवसा उद्यमबागेत नोकरी करतो आणि रात्री जेवण झालं की पासवर्ड सांभाळणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करत बसतो. आई विचारते, ह्याचे किती देतात रे? काय सांगायचं तिला.

मागच्या महिन्यात मामाच्या शेताचा उतारा प्रिंट करायला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर तिथल्या कॉम्प्युटरवर कुणाकुणाची आधार कार्डं, पासबुकं उघडीच पडलेली. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हटलं, २०२३ ला कायदा पण झाला, पण फाइलीला कुलूप घालणारं सोपं सॉफ्टवेअर कुणीतरी लिहायला पाहिजे की नको? आणि लिहिलं की पुढं वर्षानुवर्षं सांभाळायला पण पाहिजे, खरी बोंब तिथंच आहे.

२०१४ ला हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली मोठी चूक सापडली तेव्हा जगाला कळलं की एवढ्या वेबसाइट्स ज्याच्यावर चालतात त्या ओपनएसएसएल ह्या कुलपाच्या फुकट सॉफ्टवेअरला देणग्या वर्षाला २,००० डॉलरच्या आसपास, आणि पूर्णवेळ माणूस एक! एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचं तर आणि वाईट, ते सांभाळणारा एकटा, फावल्या वेळात करणारा, दमलेला, त्यात लोक मेलवर त्याच्याच मागं लागलेले की लवकर कर, तेवढ्यात एक 'मदतनीस' आला, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास मिळवला आणि २०२४ ला आत चोरदरवाजा घालून मोकळा. सापडला कसा, तर एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून. दमलेल्या माणसाच्या मदतीला चोर आला, आमची पोरं का गेली नाहीत? (मी पण नव्हतो गेलो.)

साहेब, व्हीटीयूत डिग्रीला १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट लागतात. पोरं झाडं लावतात, फोटो काढतात, झाड पुढं जगलं का कोण बघतंय. तेच पॉइंट एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप घालणाऱ्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग, दुरुस्ती, कन्नड-मराठीत सूचना लिहिणं ह्याला पण द्या. हॅकेथॉनचं बक्षीस नको, दोन दिवसात पिझ्झा खाऊन केलेलं ॲप तिसऱ्या दिवशी बंद पडतं, त्यापेक्षा जो दोन वर्षं टिकून काम करेल त्याला दरमहा थोडं मानधन द्या, मग खानापूर-निपाणीचा पोरगा पण घरात सांगू शकेल की हे काम आहे.

आणि पॉइंट देताना फोटो मागू नका, कोडमध्ये काय बदललं ते दाखवायला सांगा.

आपला,
टिळकवाडीतला एक रात्रपाळीवाला